नवा रूट किती लांब, हे विचारून काय कळतं?

ट्रेन सिम्युलेटर, म्हणजे संगणकावर आगगाडी चालवायचा खेळ. त्यासाठी नव्या रूटची, म्हणजे खऱ्या लोहमार्गाच्या हुबेहूब उतरवलेल्या तुकड्याची घोषणा झाली की चाहत्यांचे पहिले दोन सवाल ठरलेले असतात: किती किलोमीटर आणि कधी येणार? उत्तर शंभराच्या आत आलं की एक गट नाक मुरडतो. एवढ्याशा तुकड्याला रूट कोण म्हणेल? लगेच दुसरा गट बाह्या सरसावतो. लांबी हवीय कशाला, स्थानकांची छपरं, फलाटावरचे बाक, केबिनच्या खिडक्या हुबेहूब उतरल्या म्हणजे झालं. मग रूट येईपर्यंत महिनोन् महिने हाच सामना. दोन्हीकडची मंडळी जाणकार आहेत, इंजिनांचे वर्ग त्यांना तोंडपाठ असतात. तरीही हा वाद रेल्वेबद्दलचा न वाटता एखाद्या भूखंडाबद्दलचा वाटतो. एक बाजू क्षेत्रफळ मोजते, दुसरी सजावट. रूट म्हणजे गाडी चालवणाऱ्यापुढे ठेवलेलं काम, ही गोष्ट दोघांच्याही हिशेबात नाही.

या लेखाची भूमिका अशी: नव्या रूटची पारख चार गोष्टींवरून करावी. चढ-उतार कुठल्या नोंदींवरून घेतले, सिग्नल कुठल्या नियमांनी चालतात, रूट कुठे तोडलाय, आणि त्यावर दिवसभरात कोणत्या गाड्या धावतात. लांबी या चारांतून ठरते. ती आधी जाहीर करून बाकीचं तिच्यात कोंबलं की रूट बिघडतो. आणि हे सगळं रूट येण्याआधी विचारायचं असतं. छपराचा रंग नंतरच्या अपडेटमध्ये बदलता येतो, चढ बदलता येत नाही. एका किलोमीटरचा चढ सुधारायचा म्हटला तरी पुढचे सगळे रूळ वर-खाली होतात आणि त्यांच्यासोबत फलाट, पूल, बोगद्यांची तोंडं, विजेचे खांब आणि आजूबाजूची जमीनही. रूट एकदा विकायला ठेवल्यावर हे काम सहसा कुणी हाती घेत नाही.

लांबीवाल्यांचं म्हणणं मात्र उडवून लावण्यासारखं नाही. ‘ट्रेन सिम वर्ल्ड’ या खेळातला लंडन पॅडिंग्टन ते रेडिंग हा रूट घ्या. अंतर ३६ मैल, म्हणजे ५८ किलोमीटर. त्यावर धावणारी एचएसटी ही वेगवान डिझेल गाडी ताशी १२५ मैलांची. ती ब्रिस्टल आणि त्याही पलीकडे जाण्यासाठी बनलेली. वेग धरून जरा स्थिरावावं तोवर रेडिंग येतं आणि पंचवीसेक मिनिटांत सगळं आटोपतं. लांब पल्ल्याच्या गाडीचं खरं काम म्हणजे तास-दोन तास एकाच वेगावर लक्ष टिकवणं, झालेला उशीर कुठे भरून काढायचा ते ठरवणं. ते इथे वाट्याला येतच नाही. उलट बाजूने उत्तर इंग्लंडमधला सेटल–कार्लाइल मार्ग पाहा. एकूण ११६ किलोमीटर, आणि त्यात सेटल जंक्शनपासून ब्ली मूरपर्यंत सुमारे २४ किलोमीटर जवळपास सलग १०० ला १ चा चढ, म्हणजे शंभर मीटरांत एक मीटर. वाफेच्या इंजिनावर कोळसा किती टाकायचा, पाणी कधी घ्यायचं, दाब किती घसरू द्यायचा, याचा सगळा हिशेब या २४ किलोमीटरांत मांडायचा असतो. हाच चढ तीन-चार किलोमीटरचा असता तर बॉयलरमध्ये साठलेल्या वाफेवर कुणीही चढून गेलं असतं. २००१ साली आलेल्या ‘मायक्रोसॉफ्ट ट्रेन सिम्युलेटर’च्या सहा रूटांमध्ये सेटल–कार्लाइल होता, यात नवल नाही.

तेव्हा लांबीला अर्थ आहे, हे मान्य. पण दोन्ही उदाहरणांत तिला अर्थ कशामुळे आला? सेटलच्या चढावर लांबी हेच काम आहे म्हणून, आणि पॅडिंग्टनच्या रूटवर गाडी आणि रूट यांची जोडी जमली नाही म्हणून. त्याच ५८ किलोमीटरांवर सगळीकडे थांबणारी उपनगरी गाडी चालवा, तक्रारीला जागा उरत नाही. म्हणजे रूट आखूड आहे ही तक्रार मुळात वेगळीच आहे: या गाडीचं काम या हद्दीत पुरं होत नाही. ती तशीच मांडली तर निर्मात्याला करण्यासारखं काही हाती लागतं. नुसत्या आणखी पन्नास किलोमीटरच्या मागणीतून लागत नाही.

अंतरावर मोल ठरवलं की काय होतं, हे खऱ्या रेल्वेने एकदा भोगून झालंय. अमेरिकेत १८६२ च्या कायद्याने पूर्व-पश्चिम लोहमार्ग बांधणाऱ्या कंपन्यांना मैलागणिक सरकारी रोखे देऊ केले: सपाटीवर १६,००० डॉलर, दोन पर्वतरांगांमधल्या प्रदेशात ३२,०००, डोंगरात ४८,०००. परिणाम ताबडतोब दिसला. युनियन पॅसिफिकने ओमाहाजवळ सरळ वाट सोडून वळसा घातला आणि नऊ मैल वाढवून घेतले. पश्चिमेकडच्या सेंट्रल पॅसिफिकने त्याहून बहारदार युक्ती केली. सिएरा नेवाडाचा पायथा सॅक्रामेंटोपासून काही मैलांवरच, आर्केड क्रीकपाशी, डोळ्यांना सपाट दिसणाऱ्या जमिनीवर सुरू होतो असं भूगर्भशास्त्रीय मत मिळवलं आणि सपाटीच्या मैलांवर डोंगराचा दर लावला. शेवटी युटामध्ये दोन्ही कंपन्यांच्या भराव घालणाऱ्या टोळ्या एकमेकींना ओलांडून समांतर पुढे गेल्या, कारण जो मैल आपला म्हणता येईल तो पैशाचा. ब्रिटनमध्ये त्याआधीच, १८४६ या एका वर्षात, संसदेने अडीचशेहून अधिक रेल्वे कायदे मंजूर केले होते. कागदावर सुमारे ९,५०० मैल. त्या काळात मंजूर झालेल्या मार्गांपैकी जवळपास एक तृतीयांश कधी बांधलेच गेले नाहीत. रूटच्या जाहिरातीत सर्वांत मोठ्या अक्षरांत किलोमीटर छापायची सवय आपणच निर्मात्यांना लावली असेल, तर त्यांनी ओमाहाचा वळसा का घालू नये?

किलोमीटर म्हणजे नेमकं किती काम, हेही पाहायला हवं. सरळ मार्गावर विजेचे खांब साधारण ६० ते ७० मीटरांवर असतात, वळणावर त्याहून जवळ. दुहेरी मार्गाच्या शंभर किलोमीटरांना तीनेक हजार खांब लागतात. मोकळ्या मार्गावर ते आपोआप मांडणारी अवजारं आहेत. पण स्थानकांत, सांध्यांवर (म्हणजे गाडी एका रुळावरून दुसऱ्यावर वळते तिथे), बोगद्यांच्या तोंडाशी, पुलांवर ते हातानेच लावावे लागतात. मग सिग्नल, वेगमर्यादेचे फलक, किलोमीटरचे दगड, फाटकं. याखेरीज खुद्द सिमच्या सॉफ्टवेअरची मर्यादा असते. जागेचं मापन साध्या ३२ बिटांच्या दशांश संख्येत ठेवलं, तर मूळ बिंदूपासून शंभर किलोमीटरवर दोन लगतच्या संख्यांतलं अंतर सुमारे ८ मिलिमीटर होतं आणि हजार किलोमीटरवर ६ सेंटिमीटर. चाकं रुळावर थरथरू लागतात, डबे जोडणीपाशी हिसके देतात. म्हणून जगाचे चौकोन पाडावे लागतात किंवा मूळ बिंदू गाडीसोबत सरकवत न्यावा लागतो. ‘ट्रेन सिम्युलेटर’ची (मायक्रोसॉफ्टचा नव्हे, आजचा ‘ट्रेन सिम्युलेटर क्लासिक’) ६४ बिटी आवृत्ती २०१८ मध्ये आली. तोवर ३२ बिटी प्रोग्रॅमला कितीही झालं तरी ४ जीबीच्या पुढे मेमरी वापरता येत नव्हती, आणि लांब, दाट रूटवर ऐन मोठ्या स्थानकात शिरताना खेळ बंद पडायचा तो त्यामुळे. हे अडथळे ओलांडता येतात, आले आहेत. पण त्यात गेलेले तास कुठून तरी वजा होतात. कुठून? जे स्क्रीनशॉटमध्ये दिसत नाही तिथून.

या साऱ्या वादाची मेख मला इथे दिसते. रूट येण्याआधी चाहत्यांच्या हाती फक्त चित्रं असतात. पूल चित्रात येतो, पावसाळी ढग येतात, इंजिनाच्या रंगावरची धूळ येते. चढ येत नाही. सिग्नल हिरवा दिसतो, पण तो हिरवा का आहे हे चित्रातून कळत नाही. वेळापत्रक तर येणारच नाही. चित्रांवरून टाळ्या मिळतात, म्हणून कष्ट चित्रांवर होतात.

चढाचा मुद्दा आधी घेऊ, कारण सर्वांत मोठी फसगत तिथे होते आणि बहुतेकदा निर्मात्याच्याही नकळत. जमिनीच्या उंचीसाठी अनेक जण एसआरटीएमची माहिती वापरतात. फेब्रुवारी २००० मध्ये एंडेव्हर यानातून रडारने केलेली ही मोजणी. बिंदू सुमारे ३० मीटरांवर, आणि उंचीतली चूक १६ मीटरांच्या आत असावी ही तिची अट. क्षितिजावरचे डोंगर उभे करायला ती झकास आहे. पण १०० ला १ चा रूळ किलोमीटरभरात १० मीटरच चढतो. म्हणजे चुकीला दिलेली मुभाच मोजायच्या गोष्टीहून मोठी. शिवाय रडारला झाडांचे शेंडे लागतात, अरुंद खोदकामाचा तळ नीट मिळत नाही, आणि बोगदा तर त्याच्या लेखी नसतोच. या जमिनीवर रूळ जसेच्या तसे अंथरले तर खऱ्या मार्गावर जिथे एकसारखा चढ आहे तिथे सिममध्ये गाडी हेलकावे खाते. हे लक्षात आल्यावर निर्माता दुसरा मार्ग धरतो. दोन स्थानकांची समुद्रसपाटीपासूनची उंची घेतो आणि मधे सरळ रेघ ओढतो. रूळ गुळगुळीत होतात, हेलकावे जातात, सगळे खूश. खरी चूक इथे होते.

बोरघाटाचे आकडे घेऊन हिशेब करू. १८६३ साली खुल्या झालेल्या मूळ मार्गाच्या नोंदीत घाटाची लांबी सुमारे साडेपंचवीस किलोमीटर आणि चढ १,८३१ फूट, म्हणजे ५५८ मीटर. भागाकार केला की सरासरी ४६ ला १ येते. घाटातला सर्वांत कडक चढ मात्र ३७ ला १ आहे. आता १,००० टनांची गाडी आणि पुढे १२० टनांचं सहा आसांचं इंजिन धरा. ४६ ला १ वर गुरुत्वाकर्षण या १,१२० टनांना सुमारे २३९ किलोन्यूटनने मागे ओढतं, ३७ ला १ वर २९७ किलोन्यूटनने. त्यात चाकांचा आणि वळणांचा विरोध वीस-तीस किलोन्यूटन मिळवा. कोरड्या रुळावर असं इंजिन घसरण्याआधी फार तर ३०० ते ३५० किलोन्यूटन ओढ लावू शकतं. ओल्या रुळावर ती दोनशेच्या आसपास किंवा त्याही खाली येते. म्हणजे खऱ्या चढावर हे एकटं इंजिन कोरड्या दिवशीही काठावर आहे आणि पावसात जागचं हलणार नाही. सरासरीच्या चढावर तेच इंजिन कोरड्या दिवशी निवांत वर जातं. कर्जतला मागे बँकर, म्हणजे गाडीला मागून ढकलणारं जादा इंजिन, लावायचा तो याच फरकापोटी. घाटाचा रूट करून त्यातून बँकरची गरजच काढून टाकली, तर मग उरलं काय? धबधबे आणि बोगदे. त्यासाठी सिम कशाला हवा, व्हिडिओ पुरेल.

कामाच्या दृष्टीने मोठे असलेले मार्ग नकाशावर किती छोटे असतात, हे विसरू नये. इंग्लंडमधली लिकी इनक्लाइन जेमतेम सव्वातीन किलोमीटरची, चढ ३७.७ ला १, आपल्या घाटाच्या तोडीचा. तेवढ्यासाठी मिडलंड रेल्वेने १९१९ मध्ये दहा चालक चाकांचं खास बँकर इंजिन डर्बीत बांधलं. ऑस्ट्रियातला १८५४ चा सेमरिंग मार्ग ४१ किलोमीटरचा. तो चढेल असं इंजिन कुणाकडेच नव्हतं, म्हणून १८५१ मध्ये इंजिनांची स्पर्धा भरवावी लागली. लांबीच्या फूटपट्टीवर हे दोन्ही पहिल्या फेरीतच बाद होतील. ‘ट्रेन सिम वर्ल्ड’ची सुरुवातही अमेरिकेतल्या सँड पॅच ग्रेडवरून झाली, म्हणजे एका घाटावरूनच, आणि तो रूट टिकला तो जड मालगाडीला मागून दिलेल्या रेट्यामुळे.

उताराचं काम तर चढाहूनही नाजूक. सपाटीवर ०.५ मीटर प्रतिसेकंद वर्ग इतका मंदावणारा ब्रेक धरला, तर ताशी ६० किलोमीटरवरची गाडी सुमारे २८० मीटरांत थांबते. ३७ ला १ च्या उतारावर त्यातला निम्म्याहून जास्त जोर, ०.२६५, नुसता गुरुत्वाकर्षणाशी झगडण्यात जातो, आणि तीच गाडी थांबायला ५९० मीटर घेते. त्यात एअर ब्रेकची गोम आहे. साध्या एकपाइपी पद्धतीत दर वेळी ब्रेक लावताना डब्याखालच्या टाकीतली हवा खर्च होते आणि सोडल्यावर ती पुन्हा भरायला वेळ लागतो. लावला-सोडला, लावला-सोडला असं पाच-सहा वेळा घाईने केलं की टाकीत दाबच उरत नाही. म्हणून घाट उतरण्याआधी ठरल्या जागी थांबून ब्रेक ताब्यात असल्याची खात्री करतात, आणि ताबा सुटलेली गाडी चढाच्या कॅच सायडिंगवर वळवायची सोय असते. रूटमध्ये कॅच सायडिंगचे रूळ नुसते दिसायला टाकलेत की तिथले सांधे आणि सिग्नल खरोखर त्या नियमाने चालतात? हा प्रश्न कुणी विचारताना आढळत नाही. फलाटावरच्या पाटीचा फॉन्ट चुकला यावर मात्र पानंच्या पानं भरतात.

सिग्नलांचं दुखणं वेगळं. ‘ट्रेन सिम्युलेटर क्लासिक’मध्ये सिग्नल उभा केला की काम झालं असं नसतं. त्याचा शून्य क्रमांकाचा दुवा (सिग्नलला रुळाशी जोडणारी खूण) सिग्नलच्या लगेच पुढे रुळावर ठेवायचा, आणि सांध्यांच्या पलीकडे फुटणाऱ्या प्रत्येक मार्गावर पुढचे क्रमांक. एक दुवा राहिला की त्या मार्गासाठी सिग्नल लालच राहतो. दुवा सांध्याच्या अलीकडे पडला की मार्ग कुठे लावलाय हे सिग्नलला कळत नाही. चार येणारे मार्ग आणि सहा फलाट असलेल्या स्थानकात सगळे जोड असले तर येण्याच्या २४ वाटा होतात, जाण्याच्या तितक्याच. प्रत्येक वाट रिकामी असताना, पुढे गाडी उभी असताना आणि आडवी गाडी जात असताना तपासायची. कंटाळवाणं, वेळखाऊ, चित्रात न येणारं काम. वर नियम देशागणिक वेगळे. भारतात पुढचा होम सिग्नल (स्थानकात शिरण्याचा) लूप लाइनसाठी, म्हणजे मुख्य मार्गाशेजारच्या बाजूच्या रुळासाठी, दिला असेल तरी डिस्टंट, म्हणजे होमची आगाऊ सूचना देणारा सिग्नल, दोन पिवळे दाखवतो. ब्रिटनमध्ये वेगाने वळायच्या सांध्याआधी लुकलुकणारे पिवळे दिवे असतात, आणि मंद सांध्यावर गाडीचा वेग उतरेपर्यंत सिग्नल मुद्दाम रोखून धरतात. एका देशाची स्क्रिप्ट उचलून दुसऱ्या देशाच्या खांबांवर चढवली की दिवे अगदी बरोबर रंगांचे लागतात आणि अर्थ चुकीचा सांगतात. त्यांवर विसंबून चालवणारा ताशी २५ च्या सांध्यावर ७० ने पोहोचतो आणि वर त्यालाच दंडाचे गुण.

तपशीलवाल्यांची बाजू यामुळे आपोआप खरी ठरते असं त्यांना वाटेल. ठरत नाही. विटांची संख्या म्हणजे तपशील नव्हे. त्यांचा सर्वांत बळकट मुद्दा ओळखीचा आहे, आणि तो खोटा नाही: चालक ब्रेक लावतो तो पुष्कळदा एखाद्या झाडावरून, चिमणीवरून, पुलाच्या कमानीवरून अंदाज घेऊन. त्या खुणा नसतील तर खऱ्या मार्गाचं ज्ञान सिममध्ये कामाला येत नाही. पण या युक्तिवादाने कुठला तपशील हवा तेही ठरतं. सिग्नलआधीची कमान हवी. फलाटामागच्या गल्लीतल्या घरांची दारं नकोत. जुन्या एमएसटीएसमध्ये, म्हणजे ‘मायक्रोसॉफ्ट ट्रेन सिम्युलेटर’मध्ये, जमिनीचा चौकोन २,०४८ मीटरचा आणि उंचीचे बिंदू ८ मीटरांवर होते. दहा मीटर रुंदीच्या खोदकामात एखादाच बिंदू पडायचा आणि कडा करवतीसारख्या दिसायच्या. तरी त्यातले नीट चढ घेतलेले रूट लोक आज ‘ओपन रेल्स’ या मोफत सिमवर चालवतात. सुंदर दिसणारे, पण चढ बेतास बात असलेले रूट पुढचा सुंदर रूट येताच हार्डडिस्कवरून पुसले जातात.

मग हद्द कुठे आखायची? जिथे खऱ्या रेल्वेत काम बदलतं तिथे: चालक बदलतात ते स्थानक, इंजिन बदलतं ते, बँकर सुटतो ते, शाखा फुटते ते. घाटाचा रूट करायचा तर पायथ्याच्या स्थानकाआधी काही किलोमीटरचा सपाट मार्ग हवाच, कारण बँकर लावण्यासाठी गाडी येऊन उभी राहणं हासुद्धा कामाचा भाग आहे. पलीकडे मात्र आणखी साठ किलोमीटर माळरान जोडून साधत काही नाही. हद्दीबाहेरच्या गाड्यांसाठी पोर्टल ठेवतात. त्यातून गाडी ठरल्या वेळी उगवते आणि त्यातच नाहीशी होते. पोर्टल स्थानकाला फार चिकटून असलं तर एआय गाडी, म्हणजे खेळ स्वतः चालवतो ती, अचानक फलाटाच्या टोकाशी प्रकट होते आणि मागच्या सिग्नलला तिचा पत्ताच नसतो. दोन-तीन ब्लॉक (दोन सिग्नलांमधले टप्पे) सोडून ते ठेवलं की हा त्रास टळतो.

आणि हद्द जागेची तशी काळाचीही असते. बोरघाटातलं गाडीची दिशा उलटवायचं स्थानक १९२९ मध्ये बंद झालं. त्याच सुमारास घाटात १,५०० व्होल्ट डीसी वीज आली. अलीकडे तिची जागा २५ किलोव्होल्ट एसीने घेतली. वर्ष ठरवलं नाही तर तारा एका काळातल्या, इंजिनं दुसऱ्या आणि वेगमर्यादा तिसऱ्याच, अशी खिचडी होते. थळघाटाच्या माथ्यावर इगतपुरीला इंजिन बदलावं लागे, त्या काळातलं वेळापत्रक वेगळं आणि न थांबता पुढे जाणाऱ्या गाड्यांचं वेगळं. घोषणेत वर्ष नसेल तर ते पहिल्याच दिवशी विचारावं.

यावर एक आक्षेप नेहमी येतो, आणि तो सभ्य आहे म्हणून जास्त अडचणीचा. फुकट रूट करणाऱ्याला जाब विचारण्याचा हक्क कुणाला? माणूस आपल्या रात्री खर्चून काहीतरी देतोय, तुम्ही त्याच्याकडे चढांचे तक्ते मागताय. अशा छळाने कित्येक जण काम अर्धवट टाकून निघून जातात, हे खरंच आहे. फुकट काम करणाऱ्यावर मागणीचा हक्क नसतो, हेही कबूल. पण त्याला दमवतं कोण? किलोमीटर वाढव, हे स्थानकही घाल, तारीख सांग, म्हणणारे. चढाच्या नोंदी कुठून घेतल्यास, अमुक स्थानकाचा यार्ड नकाशा लागणार आहे का, असं विचारणारा त्याच्या कामात हातभार लावत असतो. शिवाय हद्द लवकर आणि अरुंद आखायचा आग्रह धरणं हा निर्मात्यावरचा भार नाही, सुटका आहे. २५ किलोमीटर चोख करून सोडले तर पुढचे २५ जोडता येतात. २०० किलोमीटरच्या आश्वासनाखाली दबलेला माणूस काहीच सोडू शकत नाही. विकत मिळणाऱ्या रूटबाबत तर हा संकोचही नको.

तारखेबद्दल थोडक्यात. ‘मायक्रोसॉफ्ट ट्रेन सिम्युलेटर’चा दुसरा भाग जाहीर झाला आणि २००३ मध्ये रद्द झाला. २००७ मध्ये पुन्हा नव्याने जाहीर झाला आणि २००९ च्या सुरुवातीला तो बनवणारा स्टुडिओच बंद झाला. दोन्ही वेळा चाहत्यांनी चित्रांवर वाद घालून घेतले. तारीख माहीत असल्याने कुणाचं काही भलं झालं नाही. उलट तारखेचा रेटा वाढला की जे शेवटी ठेवलेलं असतं ते कापलं जातं, आणि शेवटी काय ठेवलेलं असतं? सिग्नलांची तपासणी, एआय गाड्यांचं वेळापत्रक, ब्रेकची जुळवणी. दृश्यं तर घोषणेच्या दिवशीच तयार असतात, त्यांच्याशिवाय घोषणा कशी होणार?

वाट पाहण्याच्या काळात करण्यासारखं पुष्कळ आहे. मार्गालगतच्या चढदर्शक पाट्यांचे आकडे किलोमीटरच्या दगडांसह जमवता येतात. इंजिनाच्या केबिनमधून काढलेला व्हिडिओ हाती असेल तर किलोमीटरच्या लगतच्या दोन दगडांमधले सेकंद मोजून वेग काढता येतो: ३६०० भागिले सेकंद. ४५ सेकंद लागले तर ताशी ८०. त्यावरून कायमच्या वेगमर्यादा कुठे सुरू होतात आणि कुठे संपतात, याचा तक्ता तयार होतो. सिग्नल कोणत्या दगडापाशी आहे तेही त्याच फेरीत टिपता येतं. ब्रिटनसारख्या ठिकाणी तर एक मीटरच्या अंतराने लेझरने मोजलेली उंचीची माहिती खुली आहे. तिच्यात खोदकामं आणि भराव स्पष्ट दिसतात आणि एसआरटीएमच्या चुका त्यावरून दुरुस्त होतात.

आणि रूट हाती आला की पहिली फेरी देखाव्याची नको. त्या मार्गावर चालणारी सर्वांत जड गाडी घ्यावी, हवामान पावसाचं ठेवावं आणि सर्वांत कडक चढाच्या मध्यावर ती पूर्ण थांबवावी. मग बँकर न लावता निघायचा प्रयत्न करावा. ती सहज निघाली तर दोनच शक्यता: चढ खोटा आहे किंवा इंजिनाची पकड अवास्तव आहे. कुठली, ते ओळखायला तीच गाडी दुसऱ्या, चढ माहीत असलेल्या रूटवर नेऊन पाहावी. तिथे चाकं घसरली तर दोष नव्या रूटच्या चढाचा. त्यानंतर निर्मात्याला कळवताना नुसतं चढ चुकलाय असं न लिहिता किलोमीटरचा दगड, गाडीचं एकूण वजन, इंजिनाचा वर्ग, रुळांची स्थिती आणि त्या जागी खऱ्या मार्गावर असलेला चढ, एवढ्या पाच गोष्टी लिहाव्यात.